आईचं पूर्ण नाव

आमच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कक्ष आहे. कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, दोन टेबलं, एक स्कॅनर आणि मी. पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष’ असं लिहिलं असलं तरी सगळे तिला ‘व्हिसाची खोली’च म्हणतात. खरं म्हणजे व्हिसा मी देत नाही, सरकार देतं. पण त्या व्हिसाला जो आधार लागतो तो माझ्या खोलीतून जातो. हा विद्यार्थी आमचा आहे, तो अमुक विषय शिकतो, वर्गात येतो, तमुक पत्त्यावर राहतो आणि त्याची जबाबदारी आम्ही घेतो, असं पत्र. शेवटचं वाक्य मी गेली अठरा वर्षं लिहिते आहे.

या कामाची मला कधी धास्ती वाटली नाही. येमेन, इराण, टांझानिया, व्हिएतनाम, कुठकुठली मुलं येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची उभं राहण्याची पद्धत सारखी, प्लॅस्टिकची फाइल छातीशी घट्ट धरलेली. मी हात पुढे करते आणि म्हणते, “बसा. होईल.” आणि होतंच. नावांच्या बाबतीत तर माझी नजर पक्की. पासपोर्टवर एक अक्षर जास्त आणि गुणपत्रिकेवर एक कमी, हे मला पान उलटतानाच दिसतं. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतही मी आधी स्पेलिंग बघते, असं माझे यजमान लोकांना सांगतात. खोटं नाही ते.

म्हणून ही हकीकत लिहून ठेवावीशी वाटली. अठरा वर्षांत माझ्या हातून कागदात एकच मोठी चूक झाली, आणि ती नावाचीच झाली.

ती इथिओपियाहून पीएच.डी.साठी आली होती. उंच, सावकाश बोलणारी, तिशीच्या आसपासची. तिचे कागद बघताना मी थबकले, कारण पासपोर्टवरची जन्मतारीख आणि पदवीवरचं साल यांचा मेळ घातला तर ती चौदाव्या वर्षी पदवीधर झालेली दिसत होती.

“हे साल चुकलंय,” मी म्हटलं.

“चुकलं नाही, मॅडम. आमचं पंचांग वेगळं आहे. आमच्याकडे वर्षाला तेरा महिने असतात आणि आम्ही तुमच्या सात-आठ वर्षं मागे चालतो.” मग हसून म्हणाली, “म्हणजे तिकडे गेले की मी तरुण असते.”

मला ती तिथेच आवडली. मग तिने माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर तीन चौकटी काढून मला नावाचा हिशेब समजावला. पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव, दुसरीत वडिलांचं, तिसरीत आजोबांचं. आडनाव हा प्रकार त्यांच्यात नाही. पासपोर्टात आडनावाची जागा असते म्हणून तिथे आजोबा बसवलेले, एवढंच.

“आणि लग्नानंतर?” मी विचारलं. तिचं लग्न झालेलं होतं, नवरा तिकडेच शाळेत शिक्षक होता.

“लग्नानंतर वडील बदलतात का?” तिने विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती.

धरणांत साठणाऱ्या गाळावर तिचं संशोधन होतं. त्यासाठी ती दर पंधरवड्याला खडकवासल्याला जाऊन बाटल्यांमध्ये गाळ भरून आणायची. एकदा तिथल्या रखवालदाराने तिला अडवलं. जवळ लष्करी प्रशिक्षण संस्था, आणि ही परदेशी बाई पाण्याकाठी गुडघाभर चिखलात उभी राहून बाटल्यांवर आकडे लिहिते आहे. त्याचं अडवणं बरोबरच होतं. मी पाटबंधारे खात्याची परवानगी, गाइडचं पत्र आणि आमचं पत्र अशी तीन कागदांची पिशवीच करून तिला दिली. पुढच्या वेळी त्याच रखवालदाराने तिची बाटल्यांची पेटी उचलून रस्त्यापर्यंत आणून दिली.

राहायला ती खराडीत होती. तिच्या घरमालकीणबाई, म्हणजे मावशी, मूळच्या तिथल्याच, शेतकऱ्याघरच्या. ज्या रानात त्यांनी ज्वारी काढली तिथे आता काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं. मावशींनी मात्र घरामागे थोडी मेथी-कोथिंबीर राखली होती. घरात परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं, हे सांगायला मी त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या घाबरल्या.

“पोलिसात कशापायी, ताई? पोरीनं काय केलंय व्हय?”

“तिने काही केलं नाही, मावशी. ती तुमच्याकडे राहते, एवढंच सांगायचं.”

“मग राहती ना. समद्या आळीला ठावं हाय.”

शेवटी त्यांच्या सुनेने फॉर्म भरला. पण त्या दिवसापासून मावशी मला महिन्यातून एकदा फोन करून विचारायच्या, “पोरीचं कागद समदं नीट हाय ना?” ती पोरगी त्यांच्याकडून मराठी शिकली. पुण्यातली मुलं वर्गात जी मराठी शिकतात ती नव्हे. मावशींची.

चौथ्या वर्षी, प्रबंध जवळजवळ लिहून झाला असताना, ती एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. नवरा सुट्टीत पुण्याला येऊन गेला होता त्याला काही महिने झाले होते.

“मॅडम, पोटातल्या बाळाला व्हिसा लागतो का?”

“पोटात असेपर्यंत नाही,” मी म्हटलं. “बाहेर आलं की लागतो.”

आम्ही दोघी हसलो, आणि मग मी कागद घेऊन तिला सगळं नीट सांगितलं. इथे जन्मलं म्हणून बाळ भारतीय होत नाही. आधी महापालिकेचा जन्मदाखला, त्यावरून दिल्लीतल्या तुमच्या वकिलातीकडून बाळाचा पासपोर्ट, त्या पासपोर्टावर इथल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची देश सोडायची परवानगी. ही साखळी आहे, एक कडी निसटली की पुढची लागत नाही. त्यापेक्षा बाळंतपणाला घरी जाणं सोपं, हेही सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला. मध्येच गेलं तर प्रबंध वर्षभर लांबणार होता आणि तिकडच्या विद्यापीठातली नोकरी तोवर थांबणार नव्हती. ती म्हणाली, “मी इथेच थांबते. प्रबंध देते, बाळ होऊ देते, मौखिक परीक्षा देते आणि दोघं मिळून घरी जातो.”

“होईल,” मी म्हटलं.

प्रबंध तिने वेळेवर दिला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी कसल्या तरी सहीसाठी माझ्या खोलीत आली आणि खुर्चीत बसता बसता टेबलाची कड धरून तशीच राहिली. अजून तीन आठवडे बाकी होते. मी रिक्षा बोलावली. कसबा पेठेतल्या एका जुन्या प्रसूतिगृहात तिचं नाव घातलेलं होतं. तिथल्या गल्लीत रिक्षा तांब्याच्या भांड्यांच्या हातगाडीमागे अडकली, म्हणून शेवटचा तुकडा आम्ही चालत गेलो. ती माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत होती आणि दोन दुकानदार न सांगता आमच्यापुढे चालत वाट मोकळी करत होते. संध्याकाळ व्हायच्या आत सिझेरियन झालं. मुलगी. तोवर मावशी खराडीहून पोचल्या होत्या, एका हातात मऊ जुन्या लुगड्याची दुपटी आणि दुसऱ्या हातात तुपाचा डबा. फोनच्या पडद्यावर नवरा रडत होता आणि मावशी त्याला मराठीतून दम देत होत्या, “रडू नगं बाबा, दोघी बेस हायत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत गेले तेव्हा बाळंतीण झोपली होती. तिथल्या कारकून बाईंनी विचारलं, “जन्मनोंदणीचा फॉर्म कोण भरणार?” मराठी फॉर्म, मी सोडून कोण भरणार? खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्या उभ्या भरला. बाळाचं नाव त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, ते पासपोर्टात जसं हवं तसं लिहिलं. वडिलांचं पूर्ण नाव त्यांच्या पासपोर्टच्या प्रतीवरून लिहिलं. आईचं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता, वय, शिक्षण, सगळं. नंतर ती जागी झाल्यावर तिने खाली सही केली. कागद हिरव्या शाईच्या शिक्क्यानिशी आत गेला आणि मी समाधानाने चहा प्यायला गेले.

पुढचे दिवस छान गेले. मावशी तिला खोलीबाहेर पडू देत नव्हत्या. बाळाला तेल, शेक, धुरी, सगळं रीतसर. दीड महिन्याने तिने मौखिक परीक्षा दिली, आणि ती उत्तम झाली असं गाइड स्वतः माझ्या खोलीत येऊन सांगून गेले. तोवर जन्मदाखला आला होता. मी त्यावर बाळाचं नाव आणि तारीख पाहिली, स्कॅन केला आणि बाकीच्या कागदांबरोबर दिल्लीला पाठवून दिला. तिचा इथे राहण्याचा परवाना संपायला पाच आठवडे होते. पुरेसे होते.

आठवड्याभराने वकिलातीचं उत्तर आलं. दाखल्यावरचं आईचं नाव आणि आईच्या पासपोर्टवरचं नाव एक नाही, त्यामुळे ही बाई बाळाची आई आहे असं या कागदावरून दिसत नाही. दुरुस्त दाखला पाठवावा.

माझा पहिला विचार काय होता तो प्रामाणिकपणे सांगते. मी मनात म्हटलं, प्रसूतिगृहातल्या बाईंनी घोळ घातला. तावातावाने दाखला उघडला. आईचं नाव या रकान्यात तिचं नाव होतं, त्यापुढे नवऱ्याचं, त्यापुढे आडनाव म्हणून नवऱ्याच्या आजोबांचं. मी उठून प्रसूतिगृहात गेले आणि मूळ फॉर्म दाखवा म्हटलं. त्यांनी गठ्ठ्यातून काढून माझ्यासमोर ठेवला.

अक्षर माझं होतं. माझा तो लांब काढलेला रफार, माझी र ची गाठ. आईचं पूर्ण नाव लिहा म्हटल्यावर माझ्या हाताने माझ्या आईचं, सासूचं, बहिणीचं आणि माझं स्वतःचं जसं लिहितात तसं तिचं लिहून टाकलं होतं. बाईचं नाव, मग नवरा, मग सासरचं आडनाव. तीन चौकटी मला माहीत होत्या. पण कट्ट्यावर उभी राहून लिहिताना डोकं नाही, हात लिहीत होता.

मी तिथून थेट खराडीला गेले. ती पलंगावर बसून बाळाला पाजत होती. मी प्रस्तावना केली नाही. काय झालं, कुणी केलं ते सांगितलं.

तिने बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “सही करताना मी वाचलंच नाही. तुम्ही भरला होता ना.”

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मॅडम, तुमचं नाव बदललं तेव्हा तुमचे वडील काय म्हणाले?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझं तर पहिलं नावही बदललं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला ते नाव आवडलंही होतं. पदव्या जुन्या नावाने, नोकरी नव्या नावाने. राजपत्रात नावबदल छापून आणायला मीच रांगेत उभी राहिले. कदाचित नावांच्या कागदांची माझी शिकवणी तिथूनच सुरू झाली असेल. वडील काहीच म्हणाले नव्हते. पण ते गेले त्या वर्षापर्यंत मला आलेल्या प्रत्येक पत्रावर त्यांनी माझं जुनंच नाव लिहिलं. आमच्या पोस्टमनला ठाऊक झालं होतं, तो म्हणायचा, “तुमच्या माहेरच्या नावाची बाई आली बघा.” मी ते हसण्यावारी नेत असे. त्या दिवशी खराडीच्या त्या खोलीत ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं. “आता काय करायचं ते सांगा,” ती म्हणाली.

ते मात्र मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. प्राचार्य भले गृहस्थ आहेत, त्यांना फक्त संस्थेच्या पत्रावर ‘चूक’ हा शब्द सहन होत नाही. म्हणाले, “अहो, प्रसूतिगृहाच्या कर्मचाऱ्याकडून अनवधानाने झालं असं लिहा. त्यांच्याकडे रोज होतात अशा गोष्टी. कोण बघायला येतंय?”

“सर, अक्षर माझं आहे.”

“अक्षर कोण ओळखतंय?”

“मी ओळखते,” मी म्हटलं. “आणि त्या बाईंच्या नोकरीवर शेरा येईल.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग संस्थेच्या पत्रावर नको. तुमच्या नावाने प्रतिज्ञापत्र करा.”

तसंच केलं. फॉर्म मी भरला, आईचं नाव मी इथल्या पद्धतीने लिहिलं, पासपोर्टप्रमाणे नाव अमुक आहे आणि ही चूक पूर्णपणे माझी आहे, असं लिहून दिलं. ते हातात पडल्यावर प्रसूतिगृहाच्या बाईंनी अर्ध्या तासात दुरुस्तीचं पत्र दिलं. आधी त्या ‘आमच्याकडे आलं तसं आम्ही पाठवलं’ यापलीकडे बोलायला तयार नव्हत्या, आणि ते रास्तच होतं.

मग आम्ही तिघी महापालिकेच्या कार्यालयात गेलो. मी, ती आणि मावशी. दुरुस्तीला दोन माहीतगार माणसांचे जबाब लागतात, त्यातल्या एक मावशी होत्या, दुसरी मी. त्या इस्त्रीची साडी नेसून, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, कुठल्यातरी कार्याला निघाल्यासारख्या आल्या होत्या. खिडकीमागच्या गृहस्थांनी माझं प्रतिज्ञापत्र सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

“आपण परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघता?”

“हो. सतरा वर्षं.”

“आणि हा फॉर्म आपणच भरलात.”

“हो.”

“बरं झालं लिहिलंत. आम्हाला वाटलं असतं, कुणा नवख्याने भरला.”

 त्यांचा तो अधिकारच होता. त्यांनी कागद पुन्हा चाळले आणि म्हणाले, “पण एक सांगा. नवऱ्याचं नाव तर बरोबर आहे ना? बाई त्यांचीच बायको ना? मग आईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आलं तर बिघडलं कुठे? सगळ्यांचं असंच असतं.”

मी पासपोर्ट, वकिलातीचं पत्र, तीन चौकटी असं सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती माझ्या बाजूने पुढे झाली. खिडकीच्या गजावर हात ठेवून शांतपणे म्हणाली,

“सायेब, माजा बाप जिता हाय. त्याचं नाव हितं पायजे.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं, आणि कुणी शिकवलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“काय करतात वडील?” त्यांनी विचारलं.

“शेती,” ती म्हणाली. “आन् आमाला शिकिवलं. चार पोरी.”

त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. “नोंदणी अधिकाऱ्यांकडे जा. मी फाइल पाठवतो. मावशी, तुमचा जबाब इथे द्या, सही येते का?”

“येती की,” मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या.

नियम कुणी वाकवला नाही, हे मुद्दाम सांगते. मूळ नोंद, पत्र, प्रतिज्ञापत्र, दोन जबाब, सगळं तपासूनच अधिकाऱ्यांनी नोंदवहीच्या समासात दुरुस्ती लिहिली आणि सही केली. फक्त आमची फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली नाही. आठव्या दिवशी नवा दाखला हातात आला. मी तो शब्दाशब्दाला थांबून तीनदा वाचला, मग तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “आता तुम्ही वाचा. प्रत्येक अक्षर.” तिने बोट ठेवून वाचलं. वडिलांच्या नावावर बोट थोडं जास्त थांबलं.

दाखला दिल्लीला गेला, पण तिचा परवाना संपायला आता दोन आठवडे उरले होते आणि बाळाचा पासपोर्ट तेवढ्यात येणार नव्हता. मुदत वाढवून घ्यायची तर महाविद्यालयाचं पत्र हवं. आता ती विद्यार्थिनी राहिली नव्हती, मौखिक परीक्षा झाली होती. ‘संशोधन अजून चालू आहे असं लिहा, पटकन मिळतं’ असं दोघातिघांनी सुचवलं. मी आयुष्यात तसं पत्र लिहिलेलं नाही. खरं होतं तेच लिहिलं. अभ्यास पूर्ण झाला आहे, बाळाच्या कागदात आमच्याकडून चूक झाल्यामुळे उशीर झाला आहे, आईला बाळ घेऊन परत जाता यावं म्हणून सहा आठवडे द्यावेत, तोवर तिची जबाबदारी आमची. या पत्रावर ‘आमच्याकडून’ हा शब्द होता आणि ते संस्थेच्या कागदावर होतं. प्राचार्यांनी वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या सहीने वाढला.

मुदत मिळाली. पासपोर्ट आला, त्यात फोटोत बाळाचे डोळे मिटलेले. शेवटची कडी बाळाच्या परवानगीची होती. ऑनलाइन अर्ज भरताना संगणक विचारत होता, भारतात आगमनाची तारीख आणि कुठल्या विमानतळावर उतरला. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. मी नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांचा आवाज इतक्या वर्षांत ओळखीचा झाला आहे.

“आगमन झालंच की,” ते म्हणाले. “जन्मतारीख टाका.”

“आणि विमानतळ?”

“पुणे टाका. यादीत प्रसूतिगृह नाही.”

पाचव्या दिवशी परवानगी आली. ती निघाली तेव्हा मी खराडीला गेले होते. भर दुपारी गाडी दाराशी उभी होती. आळीतल्या बायका बाळाला बघायला जमल्या होत्या. माझ्यापाशी येऊन तिने वाकून नमस्कार केला, मावशींनी शिकवला होता तसा. मी तिला उठवलं आणि कागदांची पिशवी कुठल्या खणात ठेवली आहे ते पुन्हा एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. मुंबईला तपासणीच्या खिडकीवर पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि पोचल्यावर तिच्या वडिलांनी आधी नातीचा दाखला मागून घेतला होता. ते मराठी वाचू शकत नव्हते, पण शेजारी इंग्रजीत होतं.

मावशींनी महिनाभर ती खोली कुणाला दिली नाही. मग एक दिवस त्या आणि त्यांची सून माझ्या खोलीत आल्या. मावशींनी पिशवीतून एक छापील पत्र काढलं. तिकडच्या विद्यापीठाच्या कागदावर तिने लिहिलं होतं, की या बाईंना मी माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला बोलावते आहे, त्यांच्या राहण्याची, जेवण्याची आणि परत जाण्याची जबाबदारी माझी. खाली तिची सही, तीन नावांसकट. माझ्या पत्रांची भाषा तिने जवळजवळ तशीच उचलली होती.

“मला जायाचंय, ताई,” मावशी म्हणाल्या. “पासपोर्ट काढा.”

मी त्यांची फाइल उघडली. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. जन्मदाखला नव्हताच. सून ओशाळली. मावशींनी पदर सावरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“बसा,” मी म्हटलं. “होईल.”

ते काम सात महिने चाललं. वाढदिवस हुकला. पण त्या गेल्या, महिनाभर राहिल्या, आणि येताना मला तिकडच्या कॉफीचे दाणे घेऊन आल्या, अजून न भाजलेले. ते कसे भाजायचे ते त्यांनी मला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून दाखवलं.